म्युच्युअल फंडात पैसे टाकायचं नेमकं कोण ठरवतं?

ऊसबिल खात्यावर जमा झालं, बेदाण्याची पट्टी आली किंवा बँकेतली ठेव मुदत संपून मोकळी झाली, की सांगली-मिरजेतल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "यातले थोडे म्युच्युअल फंडात टाकायचे का?" प्रश्न फंडाचा वाटतो, पण उत्तर फंड पाहून क्वचितच ठरतं. कोण सांगतंय, गेल्या वर्षी बाजार कसा होता, पैसा वर्षातून किती वेळा हातात येतो आणि या घराचे पैसे पूर्वी कुठे अडकलेत, यावर निर्णय जवळजवळ झालेला असतो. योजनेचं नाव शेवटी येतं. म्हणून योजनांची तुलना करण्याआधी आपल्याला नेमकं काय ढकलतंय किंवा काय मागे खेचतंय, ते पाहिलेलं बरं.

आधी मूळ रचना दोन ओळींत. अनेकांचे पैसे एकत्र करून कंपनी ते शेअर, कर्जरोखे किंवा दोन्हींत गुंतवते. आपल्याला युनिट मिळतात. एका युनिटची रोजची किंमत म्हणजे एनएव्ही. ती वाढते तशी घटतेही, आणि किती वाढेल याची हमी कुणालाच देता येत नाही.

सांगणारा कोण

फंडात पहिल्यांदा येणारा माणूस कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. विम्याचा हप्ता न्यायला येणारे ओळखीचे एजंट, ठेवीचं नूतनीकरण करताना "यापेक्षा चांगलं आहे आमच्याकडे" म्हणणारा बँकेतला अधिकारी, शाळेतले सहकारी, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. २०१७ पासून "म्युच्युअल फंड सही है" ही जाहिरात सुरू झाली आणि नाव घराघरांत पोचलं, पण पैसे लोक ओळखीच्या माणसाच्या शब्दावरच देतात. त्यात गैर काही नाही. फक्त त्या माणसाला यातून काय मिळतं ते माहीत असावं.

१ ऑगस्ट २००९ पूर्वी गुंतवतानाच रकमेतून कमिशन कापलं जायचं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ते बंद केलं. आता विक्रेत्याला कमिशन मिळतं ते पैसे फंडात असेपर्यंत, आणि फंड कंपनीकडून. तुमच्याकडे कुणी वेगळे मागत नाही, कारण ते योजनेच्या खर्चातच धरलेले असतात आणि हा खर्च वजा करूनच रोजची एनएव्ही जाहीर होते. त्यामुळे "आमचा काही चार्ज नाही" हे वाक्य अर्धंच खरं असतं.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत रेग्युलर आणि डायरेक्ट असे दोन प्लॅन मिळतात. शेअर तेच, फंड मॅनेजर तोच. डायरेक्टमध्ये मधलं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या योजनांत हा फरक बऱ्याचदा वर्षाला अर्धा ते एक टक्का असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. महिना ५,००० रुपयांची एसआयपी (ठरावीक अंतराने ठरलेला हप्ता भरायची रीत) २० वर्षं चालली तर आपण भरतो १२ लाख. वर्षाला १२ टक्के वाढ धरली तर साधारण ५० लाख होतात, ११ टक्के धरली तर ४३ लाख ७० हजारांच्या आसपास. एका टक्क्याची किंमत सहा लाखांवर गेली. (१२ आणि ११ हे हिशेबापुरते धरलेले आकडे आहेत. असा परतावा मिळेलच, असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठावं.)

तरीही "सगळ्यांनी डायरेक्टच घ्या" हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही. बाजार कोसळला की रात्री ॲप उघडून सगळं विकून टाकणाऱ्या माणसाला फोन उचलणारा, "थांबा" म्हणणारा विक्रेता त्या एका टक्क्यापेक्षा जास्त वाचवून देतो. जो विक्रेता सही घेतल्यावर पुन्हा फिरकत नाही, त्याला मात्र तो टक्का कशासाठी द्यायचा? विक्रेत्याकडे ॲम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन, म्हणजे विक्रेता म्हणून नोंदणी क्रमांक हवा, तो ॲम्फीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि दर सहा महिन्यांनी जे एकत्रित खातेपत्रक येतं, त्यात तुमच्या गुंतवणुकीवर विक्रेत्याला किती कमिशन गेलं तो आकडा छापलेला असतो. पत्रक ईमेलवर येतं आणि बहुतेक जण ते उघडतही नाहीत.

बँकेच्या काउंटरवर एक घोटाळा फार सहज होतो. अनेक फंड कंपन्यांच्या नावात बँकेचं नाव असतं. वयस्कर ठेवीदाराला वाटतं, आपली बँक आहे, म्हणजे पैसे बँकेतच आहेत. फंडाच्या नावात कुठल्याही बँकेचं नाव असलं, तरी ती ठेव होत नाही. तिला ठेव विम्याचं संरक्षण नसतं आणि ठरलेलं व्याजही नसतं. आई-वडिलांनी बँकेत काही "नवीन" घेतलं असेल, तर पावती एकदा हातात घेऊन पाहा. ठेवीच्या पावतीवर व्याजदर आणि मुदतपूर्तीची रक्कम असते. फंडाच्या पत्रकावर फोलिओ क्रमांक (फंडातला खाते क्रमांक), युनिट आणि एनएव्ही असते.

आधीची पोळलेली जीभ

सांगली जिल्ह्यात पतसंस्था आणि सहकारी बँका अडचणीत येऊन ठेवीदारांचे पैसे अडकल्याच्या घटना जवळजवळ प्रत्येक घराला माहीत आहेत. दामदुप्पट योजनांनी त्यात भर घातली. त्यामुळे "फंड" हा शब्द ऐकला की काही घरांत दार तिथेच बंद होतं. ही सावधगिरी चुकीची नाही. मात्र इथे धोका दोन प्रकारचा असतो आणि लोक ते दोन्ही एकात कालवतात.

एक धोका कुणीतरी पैसे घेऊन पळण्याचा. दुसरा बाजारात भाव पडण्याचा. म्युच्युअल फंडात पहिला फार कमी आणि दुसरा पुरेपूर असतो. कारण रचनेत आहे. फंड हा न्यास असतो, त्याचे विश्वस्त वेगळे, पैसे गुंतवायचे निर्णय घेणारी कंपनी वेगळी, आणि घेतलेले शेअर व रोखे तिसऱ्याच संस्थेच्या, म्हणजे कस्टोडियनच्या ताब्यात. युनिटचा हिशेब कॅम्स किंवा केफिनटेकसारखी नोंदणी संस्था ठेवते. उद्या फंड कंपनीचा धंदा बंद पडला तरी तिच्या देणेकऱ्यांना हे शेअर विकता येत नाहीत. पतसंस्थेत नेमकी हीच सोय नसते. ठेवी घेणारे आणि कर्जं वाटणारे तेच. बँकेतल्या ठेवीला, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे (ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली). पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून पैसे ठेवायचे आणि फंडाला "रिस्की" म्हणायचं, हा हिशेब पुन्हा एकदा तपासावा असा आहे.

पळून जाण्याचा धोका उरतो तो बनावट लोकांकडून. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरचा ग्रुप, फंड कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं ॲप, "दिवसाला दोन टक्के". खरा फंड पैसे कधीही व्यक्तीच्या खात्यावर मागत नाही. चेक योजनेच्या नावाने निघतो, ऑनलाइन पैसे ठरलेल्या अधिकृत खात्यातच जातात. पैसे भरल्यावर फोलिओ क्रमांकाचा मेसेज आला नाही, तर त्याच आठवड्यात नोंदणी संस्थेकडे चौकशी करा.

गेल्या वर्षीचा आकडा

लोकांना सगळ्यात जास्त ओढून आणतो तो मागचा परतावा. ॲप उघडलं की यादी त्याच क्रमाने लागते आणि बोट पहिल्या नावावर जातं. इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

समजा एनएव्ही १०० होती. पहिल्या वर्षी ती ६० झाली, दुसऱ्या वर्षी ९०. दुसऱ्या वर्षाचा परतावा ५० टक्के, जाहिरातीत घालण्यासारखा. ज्याने सुरुवातीला १०० घातले त्याचे मात्र अजून ९०च आहेत.

"आम्ही एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा बघतो," असं सांगणारे असतात. निफ्टीचे, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकाचे खरे आकडे घ्या. ३१ मार्च २०१७ ला निफ्टी ९,१७४ च्या आसपास होता, ३१ मार्च २०२० ला ८,५९८. तीन वर्षं थांबून हाती तोटा. पुढे ३१ मार्च २०२३ ला तो १७,३६० च्या जवळ होता, म्हणजे आधीच्या तीन वर्षांत दरसाल २६ टक्क्यांहून जास्त. २०२० च्या मार्चमध्ये तीन वर्षांचा तक्ता बघणारा घाबरून बाहेर पडला आणि २०२३ च्या मार्चमध्ये तोच तक्ता बघणारा हुरळून आत आला. दोघांनी एकाच बाजाराकडे पाहिलं. सहा वर्षं एकत्र धरली तर वाढ दरसाल ११ टक्क्यांच्या थोडी वर भरते (लाभांश न धरता). कुठल्या तारखेपासून मोजलं यावर आकडा किती हलतो, ते यात दिसतं.

म्हणून परतावा बघताना "रोलिंग रिटर्न" मागा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्याही दिवशी सुरू करून पाच वर्षं थांबलेल्यांना काय मिळालं, सर्वांत वाईट किती, मधला किती, हे त्यात कळतं. सर्वांत वाईट आकडा आधी वाचा. तो पचणार असेल तर पुढचं बोलू. योजनेची तुलना तिच्याच प्रकारातल्या योजनांशी आणि तिच्या निर्देशांकाशी करा. स्मॉल कॅप योजना लार्ज कॅपपेक्षा पुढे गेली, यात फंड मॅनेजरचं कौतुक फारसं नसतं. त्या वर्षी छोट्या कंपन्या वर होत्या, एवढंच.

एसआयपीचा परतावा एक्सआयआरआर या आकड्याने पाहायचा, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला दरसाल टक्का. पहिला हप्ता तीन वर्षं फिरलाय, शेवटचा तीन आठवडे. सगळे हप्ते एकाच दिवशी भरल्यासारखा "एकूण टक्का" काढला की चित्र बिघडतं. एकूण ३० टक्के वाढलं म्हणून कुणी खूश होतो, पण तेवढं व्हायला किती काळ लागला हे बोलत नाही.

याच ओढीचा एक लहान भाऊ आहे: नवी योजना, दहा रुपयांची एनएव्ही. "स्वस्तात मिळतंय." १०,००० रुपयांना १० च्या एनएव्हीने १,००० युनिट मिळतात, ५०० च्या एनएव्हीने २०. दोन्ही योजना १० टक्के वाढल्या तर दोन्हीकडे ११,०००च होतात. नव्या योजनेला इतिहास नसतो, म्हणजे वाईट वर्षात ती कशी वागली हे तपासायलाच काही नाही. "दरमहा पैसे देणारी योजना" हेही तसंच. पूर्वी त्याला डिव्हिडंड ऑप्शन म्हणायचे. एप्रिल २०२१ पासून सेबीने नाव बदलायला लावलं, कारण २० ची एनएव्ही असताना २ रुपये वाटले की ती १८ होते. आपलेच पैसे आपल्याला मिळतात आणि त्यावर आपल्या उत्पन्नाच्या दराने कर लागतो.

पैसा कधी येतो

जाहिरातीतली एसआयपी पगारदारासाठी आखलेली असते: १ तारखेला पगार, ५ तारखेला हप्ता. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला किंवा शिक्षकाला ते जमतं. आडसाली ऊस लावणाऱ्याचा पैसा दीड वर्षाने येतो. हळदीचे सौदे आणि बेदाण्याचे सौदे हंगामात, आणि भाव पाहून माल थांबवला तर त्याहून पुढे. अशा घराने कुणाच्या आग्रहाने दरमहा १०,००० ची एसआयपी घेतली की चार-पाच महिने नीट जातात. मग खात्यात शिल्लक नसते, हप्ता परत जातो. फंड कंपनी दंड करत नाही, पण बँक परतीचा आकार लावते, वर जीएसटी. सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी आपोआप बंद होते. माणूस म्हणतो, "ते आपल्याला जमत नाही." खरं तर हप्त्याची रीत त्याच्या उत्पन्नाशी जुळत नव्हती.

हंगामी उत्पन्नाला जुळणारा मार्ग असा. ऊसबिल आलं की पहिल्यांदा सोसायटीचं कर्ज. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्याज पडत नाही, मुदत चुकली की ही सवलत जाते. ते सोडून फंडात पैसे टाकणं म्हणजे हातचा फायदा सोडणं. मग वर्षभराचा घरखर्च, पुढच्या लागणीचा, खताचा आणि मजुरीचा पैसा बाजूला. कृष्णाकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून त्यात थोडी जास्तीची रक्कम धरावी. हे सगळं बचत खात्यात, ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या). उरलेले, आणि किमान पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे इक्विटीसाठी.

ते एकदम टाकायची भीती वाटत असेल तर एसटीपी आहे. समजा २ लाख ४० हजार रुपये आहेत. ते एका कंपनीच्या लिक्विड योजनेत टाकायचे आणि त्याच कंपनीच्या इक्विटी योजनेत दरमहा २०,००० असे १२ महिने वळते करायचे. दोन्ही योजना एकाच कंपनीच्या असाव्या लागतात. खात्यात शिल्लक ठेवायची कटकट नाही, कारण पैसे आधीच आत आहेत. लिक्विड योजनेतून सात दिवसांनंतर बाहेर पडायला शुल्क नसतं. मात्र प्रत्येक वळतं करणं ही करासाठी विक्री धरली जाते, त्यामुळे लिक्विडमधल्या थोड्या नफ्यावर आपल्या दराने कर भरावा लागतो. रक्कम किरकोळ असते, पण विवरणपत्रात दाखवायची राहून जाते. हे नको असेल तर तिमाही एसआयपी घ्या, किंवा हंगामाच्या वेळी जमेल तेवढी एकरकमी रक्कम त्याच फोलिओत घाला.

एक तांत्रिक अडचण इथे वारंवार येते. पतसंस्थेतल्या बचत खात्यावरून गुंतवणूक करता येत नाही, बँक खातंच लागतं. काही लहान नागरी बँकांत ऑनलाइन मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) होत नाही, मग कागदी फॉर्म भरावा लागतो आणि पासबुकवरची सही जुळली नाही की तो परत येतो. फॉर्म भरायच्या आधी शाखेत एक प्रश्न विचारा: "एनएसीएचचं ई-मॅन्डेट इथे चालतं का?"

पत्रकावर आणखी एक गोष्ट लोकांना खटकते. १०,००० भरले आणि गुंतवले ९,९९९ रुपये ५० पैसे. पन्नास पैसे कुठे गेले? जुलै २०२० पासून युनिट घेताना ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, तेच हे पन्नास पैसे.

भाव पडला की

तासगावच्या बागायतदाराचा बेदाण्याचा भाव पडला तर तो माल कोल्ड स्टोरेजला ठेवतो, भाडं भरतो आणि पुढच्या सौद्यांची वाट बघतो. तोच माणूस फंडाची एनएव्ही २० टक्के पडली की दुसऱ्या दिवशी सगळं विकतो. हा विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे. आपला माल कसा आहे, किती टिकतो, गिऱ्हाईक कोण, हे त्याला ठाऊक असतं. फंडात काय आहे ते त्याने कधी पाहिलेलं नसतं, त्याला फक्त लाल आकडा दिसतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक योजना दर महिन्याला आपल्याकडे कुठले शेअर किती टक्के आहेत ती यादी जाहीर करते. पहिली दहा नावं वाचा. बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, वाहन कारखाने, औषध कंपन्या अशी ओळखीची नावं दिसतात. ती सगळी एका वेळी बुडायची शक्यता किती, याचा अंदाज मग स्वतःलाच येतो. दुसरं असं की कोल्ड स्टोरेजला माल ठेवायला घरात दुसरा पैसा लागतो. ज्याच्या डोक्यावर देणं असतं तो पडल्या भावाला विकतो. फंडातही तेच होतं, म्हणून वर घरखर्च आधी बाजूला काढायला सांगितला.

जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४०० च्या वर होता, २४ मार्चला ७,५११ पर्यंत आला. दोन महिन्यांत जवळजवळ ४० टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने जुना उच्चांक ओलांडला. यावरून नव्या गुंतवणूकदारांनी एक सोयीचा धडा घेतला, "पडलं तरी सहा-आठ महिन्यांत वर येतं." जुना अनुभव तसा नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली आला आणि तो उच्चांक ठामपणे मागे टाकायला २०१३ उजाडलं. मुलीचं लग्न २०१० मध्ये होतं त्यांनी काय करावं? ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो पैसा तारखेच्या दोन-तीन वर्षं आधीपासून इक्विटीतून थोडा थोडा काढून घ्यायचा, बाजार वर असतानाही. वर असताना काढणं सगळ्यात जिवावर येतं.

तोट्याचं गणितही मनात सरळ नसतं. १०० चे ५० झाले तर ५० टक्के गेले, पण परत १०० व्हायला १०० टक्के वाढ लागते. त्यामुळे "सरासरी १५ टक्के देतो" यापेक्षा "सर्वांत जास्त किती पडला होता" हा प्रश्न विक्रेत्याला विचारा. प्रत्येक योजनेवर छापलेला रिस्कोमीटर सहा पायऱ्यांचा असतो, कमी ते अति उच्च. इक्विटी योजना बहुतेक शेवटच्या पायरीवर असतात. तो बघून न बघितल्यासारखं करणारे खूप.

"ठेवीसारखंच आहे"

हे वाक्य डेट फंड विकताना ऐकू येतं. डेट फंड कर्जरोख्यांत पैसे घालतो. कर्ज घेणारी कंपनी अडचणीत आली, किंवा व्याजदर वाढून रोख्यांचे भाव पडले, तर एनएव्ही उतरते. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना गुंडाळल्या. गुंतवणूकदारांचे पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत आले, पण ज्यांना ते त्या महिन्यात रुग्णालयासाठी किंवा फीसाठी हवे होते त्यांना मिळाले नाहीत. जास्त व्याज देणाऱ्या कमी दर्जाच्या रोख्यांत पैसे घातले की अशी वेळ येऊ शकते. ठेवीला पर्याय शोधत असाल तर लिक्विड किंवा ओव्हरनाइट योजनेपलीकडे जाताना रोख्यांचा पतदर्जा बघा: एएए (सर्वोच्च दर्जाचे) आणि सरकारी रोखे किती टक्के, त्याखालचे किती.

करानेही लोक इकडे तिकडे वळतात. पूर्वी डेट फंडाला तीन वर्षांनी कर कमी पडायचा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावर ठेवीच्या व्याजासारखाच, आपल्या उत्पन्नाच्या दराने कर लागतो. इक्विटी फंडात २३ जुलै २०२४ पासून एका वर्षानंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के, त्यातही वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ. वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. ईएलएसएस, म्हणजे करबचतीच्या इक्विटी योजनेवरची वजावट जुन्या करपद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत गेलेल्याने केवळ सवयीने मार्चमध्ये ईएलएसएस घेऊन तीन वर्षं पैसे अडकवून घेऊ नयेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून त्यातून घेतलेल्या फंडाचा नफाही करमुक्त, असा एक समज शेतकरी घरांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. युनिट विकून झालेला नफा हा भांडवली नफाच.

घर आणि कागद

विटा-खानापूरकडची गलाईची माणसं देशभर सोन्याच्या धंद्यात आहेत, तिकडच्या घरांत बचत म्हणजे सोनं हे सांगायला लागत नाही. इतरत्रही बाईच्या नावावर बहुधा सोनं आणि भिशी असते, फंड नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. सोन्याला ओढ असण्याचं एक व्यवहारी कारण आहे: अडचणीला तासाभरात तारण ठेवून पैसे मिळतात. इक्विटी फंड विकला तर पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यावर येतात, तेही दुपारी ३ पूर्वी विनंती केली तर त्या दिवसाच्या एनएव्हीने. काही लिक्विड योजनांतून ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, जे कमी असेल तेवढे, लगेच मिळतात. रात्री-अपरात्रीच्या खर्चाला फंड सोन्याची जागा पुरती घेत नाही, हे मान्य करून मगच वाटणी करावी.

पुण्यातला मुलगा आईच्या नावाने एसआयपी सुरू करतो आणि पैसे स्वतःच्या खात्यातून भरतो. अर्ज नाकारला जातो. गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच पैसे यावे लागतात. मुलाने आधी आईच्या खात्यावर पैसे पाठवायचे, तिथून हप्ता. केवायसी अडते ती नावावर. पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. किंवा पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि बँकेत फक्त आद्याक्षर. आधी आधार आणि पॅन जुळवून घ्या, मग बँक, मग केवायसी. हा क्रम उलटा केला की प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असेल तर ओटीपी येत नाही, तेही आधीच बघा.

वारस (नॉमिनी) म्हणून नाव लावलं की पैसे त्याचेच, असा समज आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेऊ शकतो, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. नॉमिनीची स्वतःची केवायसी झालेली नसेल तर युनिट त्याच्या नावावर होत नाहीत. घरातल्या कुणाला फोलिओ माहीतच नसेल तर पॅनवरून एकत्रित खातेपत्रक मागवता येतं, आणि फार जुने विसरलेले फोलिओ शोधायला सेबीने "मित्रा" ही सोय सुरू केली आहे. गुंतवणूकदार गेल्यानंतरही खात्यात शिल्लक आहे तोवर एसआयपीचा हप्ता कापला जातच राहतो, त्यामुळे मृत्यूचा दाखला हातात आला की पहिल्यांदा बँकेला आणि नोंदणी संस्थेला कळवायचं, नॉमिनीचे फॉर्म त्यानंतर.